भागीची परीक्षा आणि माझा कागद

संपादकांचं पत्र आलं, "दिपोटीच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहून द्या." गमती माझ्याजवळ पुष्कळ आहेत. दिघीपलीकडच्या एका शाळेत मी कोळ्याच्या एका मुलाला विचारलं होतं, "भरती-ओहोटी कशामुळे होते?" पुस्तकात चंद्राचा धडा होता. मुलगा जरा विचार करून म्हणाला, "सायेब लोकांना पलीकडं जायाचं असलं का वहोटी लागते." मी त्याला पूर्ण मार्क दिले, कारण उभ्या फिरतीत याहून खरं उत्तर मला मिळालं नव्हतं. असल्या गोष्टी नातवंडांना सांगून झाल्या आहेत. आज लिहितोय ती मी घरातही कुणाला सांगितलेली नाही. ती एका मुलीच्या परीक्षेची आहे आणि तिच्यात हसण्यासारखं फारसं नाही.

हल्लीच्या वाचकांना दिपोटी म्हणजे काय हे सांगायला हवं. डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर हे लांबलचक नाव गावकऱ्यांनी घासूनपुसून तेवढं करून टाकलं होतं. मी तर नुसता मदतनीस दिपोटी, पण मास्तरांनी वेशीपर्यंत सामोरं यायला तेवढं पुरत असे. आमचा मुलूख तेव्हा संस्थानी. आगरदांड्यापासून दिवेआगरापर्यंतच्या शाळा माझ्याकडे होत्या. वर्षातून एकदा प्रत्येक शाळेत जाऊन, प्रत्येक मूल उभं करून, वाचन, लेखन आणि गणिताची परीक्षा मी स्वतः घ्यायची. तिन्हींत पास झालं तर मूल वरच्या इयत्तेत, एकातही गेलं तर आहे तिथेच. मास्तरांची वार्षिक बढती याच निकालावर ठरे. शिवाय शाळेत शेरेबुक नावाची एक वही असे, तिच्यात मी जाताना माझा अभिप्राय लिहायचा. त्या वहीतलं दिपोटीचं अक्षर खोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. दिपोटी स्वतःसुद्धा खोडत नसे.

परीक्षेच्या दिवशी शाळा सारवून लख्ख, मुलांच्या डोक्याला चप्प तेल, आणि माझ्यासमोर सोललेलं शहाळं. शहाळं मी पीत असे, नाही म्हटलं तर मास्तरांचा चेहरा पडतो. निकाल त्यानं बदलत नसे. माझा लौकिकच तसा होता. "हा दिपोटी कडक, पण न्यायाचा," असं बोललं जाई आणि ते माझ्या कानावर येईल अशी व्यवस्था माझा पट्टेवाला करीत असे.

वाचनाच्या परीक्षेची माझी एक पद्धत होती. पुस्तकातलं एक पान उघडायचं, एका उताऱ्यावर बोट ठेवायचं, आणि पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्यांनी तोच उतारा वाचायचा. नंबर म्हणजे बसायची जागा. हुशार मूल मास्तरांच्या शेजारी, मग उतरत्या क्रमानं एकेक, सगळ्यात कच्चं ते दाराशी. उतारा एकच, म्हणजे कुणाला सोपं गेलं, कुणाला अवघड गेलं, ही तक्रार नाही. या पद्धतीचा मला फार अभिमान होता.

एकोणीसशे तीसच्या मागेपुढे कधीतरी मी खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यातल्या शाळेत गेलो. गावाचं नाव सांगत नाही. शाळा देवळाच्या ओसरीवर, मास्तर एकच, बाळकृष्णपंत. गरीब स्वभावाचा माणूस, मुलांवर हात न टाकणारा. तिसरीत चौदा मुलं. दाराशी बसलेली शेवटची मुलगी म्हणजे भागी. वय नुकतंच बारा उलटलेलं, नऊवारी लुगड्याचा काचा घट्ट मारलेला, डोळे एका जागी न ठरणारे. कोळीवाड्यातून शाळेत येणारी ती एकटीच मुलगी होती, म्हणून ती माझ्या लक्षात होती. पहिलीत आणि दुसरीत मीच तिला पास केलं होतं. वाचन तर तिचं उत्तम. शेवटच्या नंबरावर बसून पहिल्या नंबरासारखं कसं वाचते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या दिवशी मला ओहोटीच्या आत दिघीला उतरायचं होतं. पलीकडे नेणारी होडी, आमची तर, चुकली की मुक्कामाचे हाल. मी मास्तरांना म्हटलं, "पंत, आज वेळ नाही. कच्च्यांपासून सुरू करू, हुशारांचं काय, भराभर होईल." मी पुस्तक उघडलं, एका उताऱ्याच्या मधोमध बोट ठेवलं आणि भागीला उभं केलं.

तिनं पुस्तक हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली. मग खणखणीत आवाजात सुरू झाली, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं जागच्या जागी. फक्त ती वाचत होती तो धडा त्या पानावर नव्हताच. माझं बोट उंटावर होतं आणि मुलगी मधमाशीचा धडा घडाघडा म्हणत होती. पोरं खो खो हसू लागली. भागी थांबली, एकदा पोरांकडे आणि एकदा माझ्या बोटाकडे बघितलं आणि पुस्तक मिटून उभी राहिली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, म्हणजे मला तसं वाटलं. मुलीला वाचता येत नाही. अख्खं पुस्तक तोंडपाठ केलंय. पुढच्या मुलांनी दोन शब्द वाचले की कुठला धडा ते हिला कळतं आणि आपली पाळी आली की ही म्हणून मोकळी होते. तीन वर्षं या पोरीनं मला फसवलं आणि मास्तरांनी फसवू दिलं! मी कडाडलो. पंत नुसते हात जोडून उभे. "साहेब, मी तिला खूप शिकवलं. अक्षरं येतात. पण वाचायला बसली की काय होतं ते माझ्या ध्यानात येत नाही. हुशार आहे हो पोर." मी म्हटलं, "वाचता न येणारी हुशार मुलगी मी अजून पाहिलेली नाही." भागी नापास. शेरेबुकात लिहिलं, 'इयत्ता तिसरीतील मुलीस अक्षरओळख असूनही वाचन येत नाही. पाठांतरावर पास करून खात्याची दिशाभूल करण्यात आली आहे. मास्तरांची बढती रोखावी.' बारा वर्षांवरचं मूल नापास झालं की पटावरून नाव कमी करायची आमच्याकडे वहिवाट होती. त्याप्रमाणे भागीच्या नावावर मी स्वतः रेघ मारली.

धक्क्यावर तरीत बसत होतो तेवढ्यात भागीची आई धावत आली. जनाबाई तिचं नाव, डोक्यावर मासळीची पाटी तशीच. मागून भागी. "सायेब, तिचं नाव कापू नका. तिला दायीचं काम शिकवायचं हाय मना. मुरूडच्या दवाखान्यातली बाय बोललीया, चवथी पासचा दाखला आन, मी पोरीला ठेवून घेतंय. माजी भन बालंतपनात मेली वो, दाय व्हती तिचे हात घान. आमच्या वाड्याला येक तरी शिकलेली दाय पायजे."

मी म्हटलं, "बाई, तुमच्या मुलीला वाचता येत नाही. आळस आहे नुसता."

जनाबाईनं पाटी खाली ठेवली आणि वळून भागीच्या थोबाडीत दिली, एक, दोन, तीन. "परत न्हाय वाचशील? परत न्हाय?" भागी रडली नाही. मी तरीत बसून बघत होतो. खरं सांगतो, मला वाटलं, बरं झालं.

तरीत एक ओळखीचे गृहस्थ होते. मुंबईत डोळ्यांचे डॉक्टर, मूळचे दिवेआगरचे, सुपारीच्या हंगामाला वाडीवर निघालेले. आपली हुशारी सांगायला माणूस मिळाला म्हणून मी त्यांना सगळी हकिगत रंगवून सांगितली, उंट आणि मधमाशीसकट. डॉक्टर हसले नाहीत.

"पूर्ण पुस्तक पाठ आहे तिचं?"

"पूर्ण."

"ऐकून?"

"म्हणजे ऐकूनच की. वाचता कुठं येतं!"

"मग मठ्ठ कशी?" डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की विलायतेत शिकत असताना त्यांनी अशी दोन मुलं पाहिली होती. डोळे चांगले, कान चांगले, बुद्धी चांगली, पण छापलेला शब्द काही केल्या ओळखता येत नाही. काल शिकलेला शब्द आज नवा. तिकडच्या वैद्यकात त्याला नाव आहे, मराठीत शब्दांधळेपणा म्हणता येईल. "आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कसं कळणार?" ते म्हणाले. "तुम्ही परीक्षा घेतलीत. तपासणी कुठं केलीत?"

हे मला झोंबलं. हजारो मुलं तपासलेला माणूस मी! पण दिवेआगरच्या मुक्कामात ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी परतताना मी आपण होऊन डॉक्टरांच्या वाडीवर गेलो आणि म्हटलं, चला, बघाच तुम्ही.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. भागी किनाऱ्यावर सुकट राखत बसली होती, हातात कावळे हाकायची काठी. आम्हाला बघून ती उठली आणि चालू लागली. पंतांनी समजूत घालून तिला ओसरीवर आणलं. जनाबाई खांबाला टेकून उभी राहिली.

डॉक्टरांनी अर्धा दिवस घेतला. आधी डोळे. कागदावर लहान-मोठी कडी काढली, प्रत्येक कड्याला एका बाजूनं फट. पंत कागद घेऊन अंगणाच्या टोकाला उभे राहिले. भागीनं एकूण एक फट बरोबर सांगितली. शिवाय खाडीकडे हात करून म्हणाली, "तो सफेद शिडाचा मचवा पोशा नाखव्याचा हाय, त्याला दोन ठिगलं हायत." मला मचवासुद्धा नीट दिसत नव्हता. मग कान. मग डॉक्टरांनी एक लांबलचक गोष्ट एकदाच सांगितली, ती तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत परत सांगितली, वर मधे डॉक्टर एक माणूस विसरले होते त्याचं काय झालं ते विचारलं. तोंडी हिशेब घातले, चौथीचे. बोटं न मोजता सांगितले. मला राहवेना, मी पाचवीचं एक गणित घातलं. ते चुकलं तेव्हा कुठं मला बरं वाटलं.

मग पुस्तक. तिथे त्या मुलीचं रूपच बदललं. कपाळावर घाम, ओठ आवळलेले. सुटी अक्षरं दाखवली तर बहुतेक ओळखत होती. भ आणि म, घ आणि ध यांत गडबडत होती, पण तसं बरीच मुलं करतात. शब्द दाखवला की अडत होती. डॉक्टरांनी एकच शब्द, 'मासा', एका पानात चार ठिकाणी लिहिला होता. पहिला तिनं कष्टानं लावला. दुसऱ्याशी आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लावू लागली, जणू तो कधी भेटलाच नव्हता. चौथ्यालाही तेच. कोळ्याची पोर, आणि 'मासा'! मी चष्मा काढून पुसत बसलो.

"काय होतं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

भागी खाली बघत म्हणाली, "येकटं अक्षर असलं का वलखीचं वाटतं. जत्रंत घुसली का कोन कुटं गेलं समजत न्हाय. मास्तर मना रोज शिकवतात. मी रोज इसरतंय. मी मुद्दाम न्हाय करत."

डॉक्टर जनाबाईकडे वळले. "बाई, मुलीत खोड नाही. आळस नाही, डोकंही तल्लख आहे. जन्मापासून तिच्या मेंदूला छापलेला शब्द धरता येत नाही, एवढंच. औषध नाही याला, आणि चष्माही नाही. वाळूत बोटानं एकेक शब्द गिरवायचा, गिरवताना मोठ्यानं म्हणायचा, महिनोन्महिने. असं मी वाचलंय, स्वतः करून पाहिलेलं नाही. येईल थोडं, हळूहळू. तोवर जे विचारायचं ते तोंडी विचारा."

जनाबाई खांब सोडून पुढे आली. मग म्हणाली, "म्हंजी ती खरं सांगत व्हती?"

"हो."

"दर खेपंला?"

"हो."

तिनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "मंग मी जें मारलं तें आता परत कसं घेव, सायेब?" तिनं विचारलं डॉक्टरांना, पण मी मान खाली घातली. भागी उठून आईच्या पदराशी जाऊन बसली.

मी शेरेबुक मागवलं आणि माझ्या शेऱ्याखाली लिहिलं, 'वरील शेरा चुकीचा आहे. मुलीची तोंडी परीक्षा घेऊन तिला तिसरीत पास केले आहे व नाव पटावर पुन्हा घेतले आहे. मास्तरांचा दोष नाही. बढती चालू ठेवावी.' स्वतःचा शेरा स्वतः चुकीचा ठरवणारा दिपोटी माझ्या माहितीत मीच. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही त्या क्षणी मी फार मोठा माणूस वाटलो, आणि त्या भरात मी जनाबाईला आणि भागीला शब्द दिला. म्हटलं, "हे झालं माझ्यापुरतं. उद्या माझी बदली झाली तर येणाऱ्या दिपोटीला हे कळायला हवं. मी वर कागद लिहितो. अशा मुलांची परीक्षा तोंडी घ्यावी, असा हुकूमच आणतो. डॉक्टरांचं पत्र जोडतो. चवथीची काळजी सोडा."

भागीनं विचारलं, "कागद पोचला का समजंल?"

"समजेल," मी म्हणालो.

डॉक्टरांचं पत्र महिन्याच्या आत आलं, सुवाच्य, मुद्देसूद. मी मसुदा करायला बसलो. आमचे वरचे साहेब तिरकस बोलण्याबद्दल प्रसिद्ध. 'शब्दांधळेपणा' हा शब्द कागदावर लिहिला आणि त्यांचा आवाज माझ्या कानात वाजायला लागला, 'काय हो, डोळस आंधळे शोधून काढलेत म्हणे!' मसुदा फाडला. पुन्हा लिहिला. त्याच सुमाराला बढतीची यादी निघायची होती आणि तिच्यात माझं नाव होतं. म्हटलं, यादी लागू दे, मग पाठवू. यादी लागली, मी वर गेलो, बदलीही झाली. मग म्हटलं, नव्या जागेवर जरा स्थिरस्थावर होऊ. मधे मुलीचं लग्न निघालं. अशी माझी कारणं. एकेक घेतलं तर कुणालाही पटतील.

चौथीची परीक्षा नव्या दिपोटींनी घेतली. सज्जन गृहस्थ, नियमाला धरून चालणारे. ते प्रत्येक मुलाला वेगळा उतारा देत. पंतांनी त्यांना शेरेबुकातलं माझं लिखाण दाखवलं. ते म्हणाले, "पूर्वीच्या साहेबांनी केलं ते त्यांच्या जबाबदारीवर. खात्याचा हुकूम दाखवा." हुकूम कुठून दाखवणार? भागीनं सव्वा वर्ष वाळूत गिरवून गिरवून तीन ओळी वाचल्या, वाचता वाचता अर्धा तास गेला, आणि चौथ्या ओळीला त्यांनी तिला बसवलं. नापास, नाव कमी. मला हे पंतांच्या पत्रातून कळलं. पत्रात तक्रारीचा एक शब्द नव्हता. मी उत्तर लिहिलं, 'वाईट वाटले.'

पुढे सातआठ वर्षांनी खाजगी कामासाठी मी आगरदांड्याहून दिघीला निघालो होतो. तरीत एक बाई समोर येऊन बसली, मांडीवर मूल, काखेत एक. "दिपोटी सायेब ना तुमी? मी भागी."

मी तिला बसल्या बसल्या दहा प्रश्न विचारले, जेणेकरून तिनं मला एकही विचारू नये. आई गेली होती. पंत निवृत्त होऊन देशावर गेले होते. ती दाईचंच काम करत होती, वाड्यातल्या म्हाताऱ्या दाईच्या हाताखाली शिकून. "अडलेली बालंतीन मुरूडला न्हेतंय मी. पन दाखला न्हाय म्हनून दवाखान्यात आत घेत न्हायत. तिला आत न्हेतात, मी भायेर ओट्यावर बसतंय. आत काय करतात तें शिकलं असतं तर वाड्यातल्या दोन पोरी वाचल्या असत्या." हे तिनं मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

पलीकडचा धक्का जवळ आला. तिनं एक मूल खांद्यावर, एक काखेत घेतलं आणि उठता उठता म्हणाली, "सायेब, तुमचा तो कागद वर पोचला नसंल, व्हय ना? पावसाचे दिवस व्हते. टपालाचा पडाव तवा दोनदा उलटला व्हता. आई मरंस्तवर बोलायची, सायबांनी लिवला व्हता गो, वाटंत भिजला."

मी म्हणालो, "हो. भिजला असेल."

ती हसली, "असू दे," म्हणाली आणि उतरून गेली.

हा अंक त्या कोळीवाड्यात जातो की नाही मला ठाऊक नाही. भागी असेल तर आता तिच्या हाताखाली नाती असतील, आणि त्या शाळेत जात असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर आजीला मोठ्यानं वाचून दाखवा. कागद पावसात भिजला नव्हता, भागी. मी तो पाठवलाच नव्हता.